काचेच्या दाराबाहेर

कारखाना गुजरातला हलणार हे कळलं तेव्हा सगळ्यांनी आधी मालकाला शिव्या घातल्या, मग युनियनला, आणि मग जो तो आपापला बायोडेटा लिहायला बसला. मीही बसले. ठाण्याच्या त्या कारखान्यात मी सहा वर्षं कॉम्प्युटर विभागात होते. कुठला सुटा भाग गोदामात किती शिल्लक आहे ते सांगणारे प्रोग्रॅम मी कोबॉल या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत लिहायचे. मशीन कपाटाएवढं. ते आणि त्यावरचं सगळं सॉफ्टवेअर एका जुन्या, अवाढव्य परदेशी कंपनीचं. आम्ही तिला थोरली कंपनी म्हणायचो.

मशीनच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून काचेच्या दाराबाहेर चपला काढायच्या, असा पहिल्या साहेबांनी घातलेला नियम होता. डाव्या हाताला, टाचा भिंतीकडे करून. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला जायचा आणि ऑपरेटर त्याच्या कपाळावर, म्हणजे आम्ही कपाळ मानलेल्या जागी, कुंकू लावायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

डोंबिवलीत आमच्या घरात मात्र थोरल्या कंपनीला काडीची किंमत नव्हती. धाकटी बहीण स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला जायची. तिथे माऊस होता, रंगीत पडदा होता. तिथल्या पोरांच्या मते थोरल्या कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे सरकारी कचेरी; काम होणार, पण तीन प्रतींत अर्ज दिल्यावर.

"ताई, ते नाव आधी खोड," माझा बायोडेटा वाचून ती म्हणाली. "ते दिसलं की लोकांना वाटेल, ही बाई रिटायर व्हायला आलेली आहे. परवा सरांनी वर्गात विचारलेलं, कोबॉल कोणाला येतं का, तर सगळे हसलेले."

"तू पण?"

"मी सगळ्यात जास्त."

मी अठ्ठावीस वर्षांची होते. राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. बाबा निवृत्त झालेले, हिचं शिक्षण चालू, घरात नोकरी करणारी मी एकटी. म्हणून खोडलं. तिने क्लासमध्ये बसून नवा बायोडेटा टाइप केला: सहा वर्षं, भांडार विभाग, लेखनिक. प्रोग्रॅम लिहिणारी मी, स्वतःच्या हाताने कारकून झाले. वर तिने मला स्वतःच्या उंच टाचांच्या सँडल्स घालायला दिल्या. माझ्या चपला बघूनच मला परत पाठवतील म्हणे.

मुलाखत ठाण्यातच, खोपटच्या एसटी डेपोमागे होती, एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत. टाय लावलेले दोन तरुण आणि पिकल्या केसांचे एक साहेब समोर बसलेले. तरुणांनी नव्या भाषांबद्दल विचारलं. क्लासच्या पुस्तकातून जेवढं पाठ केलेलं तेवढं मी घडाघडा म्हटलं आणि तिथेच पाठांतर संपलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नोकरी गेली हे मला तिथेच कळलं.

"प्रॅक्टिकल उरकून टाकू," एक तरुण म्हणाला. "मशीन आत आहे, या."

तो पुढे, मी मागे, साहेब शेवटी. कॉरिडॉरच्या टोकाला काचेचं दार होतं. त्याने ते उघडलं, गार हवा अंगावर आली, आणि पुढचं सगळं माझ्या पायांनीच केलं. मी सँडल्स काढल्या, वाकून डाव्या हाताला ठेवल्या, टाचा भिंतीकडे.

"अहो मॅडम, चालतं घालून," तरुण हसत म्हणाला. "देऊळ नाहीये."

साहेब हसले नाहीत. ते सँडल्सकडे बघत होते. "कुठल्या मशीनवर होतात?" त्यांनी विचारलं.

आता काय लपवायचं? मी थोरल्या कंपनीचं नाव घेतलं. सहा वर्षं, कोबॉल, सगळं सांगितलं. कान तापलेले, पाय गारठलेले.

"मग बायोडेटात का नाही?"

"लोक हसतात, सर."

साहेब आत गेले आणि हिरव्या पट्ट्यांच्या रुंद कागदाचा गठ्ठा घेऊन आले. कुठल्याशा गिऱ्हाइकाचे जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर आणायचं काम कंपनीने घेतलेलं. लिहिणारे कधीच निवृत्त झालेले, आणि इथल्या पोरांना त्यातली ओळ लागत नव्हती. मी जमिनीवर बसले, गठ्ठा उलगडला आणि बोट फिरवत वाचत गेले. माल आत कुठे येतो, शिल्लक कुठे घटते, आणि वर्षाला दोनच आकडे ठेवल्यामुळे दोन हजार साल उजाडल्यावर कुठे घोळ होणार, ते सांगत गेले. तरुण माझ्या शेजारी उकिडवा बसून ऐकायला लागला.

"तुमच्या जाहिरातीत कोबॉल का नव्हतं?" शेवटी मी धीर करून विचारलं.

"लिहिलं असतं तर कंपनी जुनाट वाटली असती," साहेब म्हणाले आणि जरा ओशाळले. "मी स्वतः तसल्याच मशीनवर अठरा वर्षं काढली. बूट बाहेर काढायचो. इथे आल्यावर सोडलं. पोरं हसतील म्हणून." मग त्यांनी दारातच खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. "उद्या खरा बायोडेटा घेऊन या. नेमणुकीचं पत्र तयार ठेवतो."

संध्याकाळी तडक क्लास गाठला. बहिणीला सगळं सांगितलं. ती नेहमीच्या पोरांच्या घोळक्यात बसलेली. तिने जुनी फाइल उघडली, 'लेखनिक' पुसलं, 'प्रोग्रॅमर, कोबॉल' लिहिलं, आणि सगळ्यात वर थोरल्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. ते बघून मला रडूच आलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"ताई," ती मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला शिकवशील का गं कोबॉल?"

"हसतील तुला."

"हसू देत," ती म्हणाली आणि प्रिंटर चालू केला.