तोडण्यासाठी जोडलेली फळी

प्लायवूडचे चार तक्ते टेम्पोतून उतरवून पडवीत भिंतीला लावून ठेवले, त्याला बावीस दिवस झाले होते आणि मी त्यांच्यावर करवत चालवली नव्हती. शाळेतून आले की आधी त्यांच्याकडे बघायचे, मग चपला काढायचे. पेन्सिलीच्या रेघा आखून झाल्या होत्या, मापं तीनतीनदा तपासून झाली होती. पण मी होडी बांधायला निघाले होते, टेबल नव्हे. टेबलाचा पाय निखळला तर फार तर जेवण सांडतं.

मी हायस्कुलात गणित शिकवते. माहेर आतल्या गावात, काजूच्या बागांमध्ये. तिथे पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीच्या काठाशी जायचं नाही हे चालायला लागायच्या आधीच शिकवलेलं. लग्न होऊन मालवणला आले त्याला तेवीस वर्षं झाली. तेवढी वर्षं समुद्र वर्गाच्या खिडकीतून पाहिला. आत गेले ती घोटे भिजण्यापुरती.

मग होडी कशाला, असं सगळेच विचारतात. एकदा पाहुण्यांना घेऊन तारकर्लीला गेलो होतो. वाळूवर एक बारा फुटी लाकडी होडी ओढून ठेवली होती, शीड गुंडाळलेलं. मालक गोव्याचे, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनियर. होडी त्यांनी स्वतः घरी बांधलेली. तिच्या पोटाच्या वळणावरून मी हात फिरवला आणि विचारलं, सपाट लाकडाला असं वळण देता कसं?

त्यांनी काडीने वाळूत दोन कमानी काढल्या. "कापताना सपाटच असतं, मॅडम. दोन वाकड्या कडा एकमेकींना शिवल्या की वळण आपोआप येतं."

जन्मभर फळ्यावर काढलेली भूमिती त्या दिवशी माझ्या तळहाताखाली होती. घरी पोचेपर्यंत मी ठरवून मोकळी झाले. भीती नंतर आली.

घरी होडी बांधणाऱ्यांचा फोनवर एक गट होता, त्यात इंजिनियरसाहेबांनी मला घेतलं. वीसेक माणसं, कोणी अंगणात बांधणारं, कोणी गच्चीवर. सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणे तांब्याच्या तारेने शिवा, दुसरा म्हणे स्क्रूच मारा. एक म्हणे पावसाळ्यात हात लावू नका, दुसरा म्हणे थांबलात की संपलात. मला सगळ्यांचंच पटायचं, म्हणून हातून काहीच व्हायचं नाही. शेवटी इंजिनियरसाहेबांनी फोन केला.

"होडी विसरा. उरणाऱ्या कडेच्या दोन पट्ट्या कापा, टोकं तिरकी तासा, इपॉक्सीने चिकटवा. आठ दिवसांनी तोडा."

"तोडू?"

"तोडायलाच जोडायची. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. सांध्यातच सुटली तर मला कळवा."

आठ दिवस ती जोडलेली पट्टी मी देवघराशेजारच्या फडताळात जपली. नवव्या दिवशी तिचं एक टोक पायरीवर ठेवलं, त्यावर पाय दिला आणि दुसरं टोक उचललं. कडाड्‌ असं काही झालंच नाही. दुधावरची साय निघावी तसा सांधा सुटला. एका तोंडावर इपॉक्सीचा चकचकीत थर, दुसरं तोंड कोरडं ठणठणीत. मी जोरसुद्धा लावला नव्हता.

मी तिथेच पायरीवर बसले. हे जर भर समुद्रात झालं असतं, हा विचार मी केला नाही. तो मला दिसला. दोन फळ्यांमधून वर येणारं पाणी, आणि समोर बसलेला नवरा, ज्याला पोहता येत नाही.

साहेबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलीत ती माझी दुसरी होडी. पहिलीचा सांधा मी तपासला नव्हता. नदीच्या मुखाशी उघडला. बायको बरोबर होती. उलट्या होडीला धरून आम्ही दोन तास होतो, मग एका ट्रॉलरने काढलं. मी होडी घेऊन निघालो की ती अजूनही किनाऱ्यावर येत नाही."

मी फोन ठेवला आणि तक्त्यांवर ताडपत्री टाकली. गटातले निरोप बघणं बंद केलं. वर्गात खिडकीकडे पाठ करून शिकवू लागले. नवरा तालुक्याच्या कचेरीत नोकरीला, मुळात कमी बोलणारा. त्याने एकदाच विचारलं, "कोणाक देवन टाकूया?" मी ताडपत्रीची दोरी आणखी घट्ट केली.

गणपती झाल्यावर तो मला न विचारता एका म्हाताऱ्या सुतारकाकांना घेऊन आला. फायबरच्या होड्या येण्याआधी मासेमारीच्या होड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी ताडपत्री दूर केली, तक्त्याला गाल लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्यां हय कोणी ठेवलां?"

"मी."

"पागोळ्यांचा पाणी भितीत जिरता, भितीतला लाकडात. पाणी पिवन बसलेल्या लाकडाक तुझो डिंक धरतलो कसो?"

वीस जणांच्या सल्ल्यांत हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण माझी भिंत कोणी पाहिली नव्हती.

"माका भिया वाटता, काका," मी म्हटलं.

वाटलं, धीर देतील. त्यांनी विचारलं, "पोवाक येता?"

"नाय."

"मगे होडी ऱ्हवांदे. पयलां पोवाक शिक."

तक्ते आम्ही माळ्यावर नेऊन आडवे रचले. पोहायला शिकवायचं काकांच्या सुनेने कबूल केलं. ती माझ्याच वयाची, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या म्हणजे शिंपल्या काढणारी. पाऊस सरल्यावर एका रविवारी सकाळी मी पंजाबी ड्रेस घालून कर्लीच्या खाडीत छातीइतक्या पाण्यात उभी राहिले. तिने माझ्या पोटाखाली हात धरला.

"डोळे मिटा नको गो. खंय जातस तां बघ."

तोंड पाण्यात गेलं आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला खाली ओढलं. ती खोकत, नाकातोंडातून पाणी काढत वर आली. "माका घेवन बुडतलंस?" ती हसत म्हणाली, पण तिच्या मानेवर माझ्या नखांचे ओरखडे होते. घरी येऊन मी ते हात कितीदा धुतले. माझी भीती माझ्यापुरती नव्हती. जवळच्या माणसाला ती खाली ओढत होती.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी ती दारात येऊन उभी राहिली. संक्रांतीपर्यंत मी काठाकाठाने तीस हात मारू लागले. मधूनमधून पाय खाली टेकवून जमीन आहे ना ते बघायची. अजून बघते.

माळ्यावरचे तक्ते खडखडीत वाळले तेव्हा दुसरी पट्टी जोडली. ती तोडायला माझं वजन पुरलं नाही, नवऱ्यालाही जोर लावावा लागला. फाटलं ते लाकूड. सांधा जसाच्या तसा. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र कुठे फट दिसते का ते भिंगाने शोधत बसले. मग तिसरी जोडली, तीही तोडली. चौथ्या खेपेला खरी फळी कापली. करवत रेघेबाहेर गेली. साहेब म्हणाले, "भरून निघेल." काका म्हणाले, "दुसरी काप." मी दुसरी कापली.

आता पडवीत, भिंतीपासून लांब, पठाण म्हणजे होडीचा खालचा कणा मांडलेला आहे आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या फळ्या तारेने शिवून झाल्या आहेत. तार पिळत गेले तसं वळण खरंच आपोआप आलं. आता ती होडी दिसायला लागली होती, आणि होडी कधीतरी पाण्यात न्यावी लागते.

गेल्या रविवारी नवराही खाडीत उतरला. गुडघ्यापर्यंत. तिथून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी पोहायचं सोडून त्याच्याकडे.