भीक मागून कळवतो की

‘आय बेग टू स्टेट दॅट’ ही ओळ टाईप करून करून माझी बोटं झिजली असतील. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला रामवाडीत आत्याकडे राहून मी टायपिंगच्या क्लासला जायचे. अर्ज रजेचा असो, दाखल्याचा असो की नळाच्या कनेक्शनचा, सर पहिली ओळ हीच घालायला लावत. बेग म्हणजे भीक मागणे, एवढं इंग्रजी मला शाळेत शिकवलं होतं. ज्यांची ही भाषा ते आता असलं काही लिहीत असतील असं मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र नळाला पाणी हवं तरी आधी भीक मागायची.

“सर, नुसतं ‘कळवतो’ असं लिहिलं तर?” मी एकदा विचारलं.

“रीत आहे ती. तू टायपिंग शिकायला आलीस की साहेबांना शहाणपण शिकवायला?”

सगळा क्लास हसला. माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशी दोन कागद फुकट घालवले.

आमचं घर निडी गावाच्या बाजूला. भात निघाल्यावर ज्यात वाल पेरायचो ते शेत रोह्याकडच्या एका कंपनीने घेतलं होतं. घ्यायला आली तेव्हा त्यांची माणसं आमच्या ओटीवर बसली, चहा प्यायली, हात जोडून म्हणाली, जमीन द्या, घरटी एक नोकरी देतो. तेव्हा त्यांना झकास मराठी येत होतं. कुंपण पडल्यावर निरोप आला, नोकरीसाठी अर्ज करा, आणि तो इंग्रजीत करा. माझा भाऊ आयटीआय करून कंपनीने दिलेल्या त्या शब्दावर घरी बसला होता.

जमिनीच्या कागदावर न वाचता सही केल्याचा वडिलांनी धसका घेतला होता. तेव्हापासून घरात एकच नियम: कागद कसलाही असो, आधी मराठीत मोठ्याने वाचायचा, एक शब्द न गाळता, मगच सही. शेत त्यांच्या नावावर होतं, म्हणून अर्जही त्यांचाच. मी तो पेणहून टाईप करून आणला आणि ओटीवर बसून मराठीत वाचायला लागले.

“मी भीक मागून कळवतो की…”

“थांब गो,” वडील म्हणाले. “भीक कोन मागतोय?”

“तुम्ही. तशी रीत आहे म्हणे.”

“जमीन मागाया ते आलेवते. मी नाय गेलो. खोड ते.”

मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आई चुलीजवळून उठून आली. “एका शब्दापायी पोराला घरी बसवताव काय? करा सही.” भाऊ खाली मान घालून बसला होता. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं आणि सही केली. पेन असं दाबलं की कागद फाटायचाच बाकी होता. नंतर ते गोठ्यात गेले.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. नियमाप्रमाणे मी मोठ्याने वाचलं. “आम्हाला कळवताना दुःख होते की आपल्या मुलास नोकरी देता येत नाही.” कारण दिलं नव्हतं.

“दुख व्हतंय त्यांना?” वडील म्हणाले. “मग भेटून येऊ.”

मला वाटलं, रागाने बोलतायत. तर सकाळी टोपी घालून तयार. मला बरोबर घेतलं आणि आम्ही रोह्याच्या ऑफिसात गेलो. वडिलांनी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि क्लार्कला शांतपणे विचारलं, “हे दुख कोनाला झालंय? त्याला भेटायचाय.”

क्लार्क हसला, मग दुसऱ्याला बोलावून हसला. आम्ही बाकावर बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, पण आम्ही हललो नाही. शेवटी सही करणारा साहेब बाहेर आला. हा आमच्या ओटीवर चहा प्यायलेला. मी ओळखला, त्याने ओळख दिली नाही. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिण्यासारखं नाही.

“काका, ती लिहिण्याची पद्धत असते,” तो म्हणाला. “दुःख वगैरे तसं काही नसतं.”

वडील उठले. टोपी नीट केली.

“माझी भीक पन लिहिन्याचीच व्हती, साहेब. तेवढी मात्र तुमी खरी धरलीत.”