मोटर, वल्हं आणि लहान्याचं कपाळ

आमच्या ह्यांचा हात आधी उठायचा, तोंड मग उघडायचं. बैल अडला की बैलाला, पंप अडला की पंपाला. आणि नावेची मोटर अडली तेव्हा सख्ख्या भावाला. तेच सांगते.

आम्ही भिवापूरकडचे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा घर इकडे राहिलं आणि मिरचीचं वावर पलीकडे. रस्त्यानं मोठा फेरा पडतो, म्हणून जुनी पत्र्याची नाव घेतली आणि तिच्या मागच्या फळीला लावायची छोटी पेट्रोलची मोटर. तीही वापरलेलीच. दोरी ओढली की सुरू. नाव चालवायचा माझा दीर. सगळे त्याला लहान्या म्हणत, मीही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो एवढासा होता, माझ्याच हातचं जेवून मोठा झाला. दीर कमी आणि लेक जास्त, असं समजा.

त्या वर्षी दसरा झाला आणि मोटर बिघडली. निघायची झोकात, अर्ध्या पाण्यात गेली की खोकायची आणि बंद. लहान्या टाकीचं झाकण उघडून बघायचा, पेट्रोल असायचंच. झाकण लावून दोरी ओढली की पुन्हा सुरू, थोडं पुढे गेलं की पुन्हा बंद. भिवापूरच्या मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. त्याच्यासमोर दोन मिनिटं गुणानं चालली. घरी आणली, पाण्यात घातली, तेच.

ह्यांनी ठरवून टाकलं की पेट्रोलच खोटं. आणि पेट्रोल आणतो कोण? लहान्या. म्हणजे चांगलं पेट्रोल स्वतःच्या फटफटीत आणि नावेत रॉकेल. एक दिवस पाना घेऊन मोटरीला असं झोडपलं की वरच्या कव्हरला खड्डा पडला. लहान्या बघत उभा होता. मी मनात म्हटलं, आज मोटर, उद्या हा.

एकदा मिरचीचा तोडा आटोपून नावेनं परत येत होतो. मधे मिरचीची पोती, पोत्यांशी मी, पुढे हे, मागे मोटरीपाशी लहान्या. आभाळ एकाएकी काळं झालं आणि वारा असा सुटला की पाणी काठावरून आत थापडा मारू लागलं. त्या भागात बुडालेल्या झाडांची वाळकी टोकं वर निघालेली असतात, पत्रा फाडतील अशी. नेमकी तिथंच मोटर बंद.

"का बे, आजही रॉकेल?" हे उभे राहिले.

"खाली बस दादा, नाव हालून राहिली."

"मले शिकवतं तू?"

लहान्यानं झाकण काढलं. सूंऽ असा आवाज झाला. "ये, हुंग! सांग मले रॉकेलाचा वास येते का!"

हे हुंगतात कशाचे! लहान्यानं झाकण गच्च पिळलं, दोरी ओढली, निघालो. थोडं गेलो आणि परत बंद.

"चोरट्या!"

"चोर हाय ना मी? मंग चालव तूच. मी चाललो बुटीबोरीले, कंपनीत."

ह्यांनी वल्हं उचललं आणि पोती ओलांडून मागे आले. "अजी, नका!" मी ओरडले, पण वल्ह्याची पात त्याच्या कपाळावर बसली होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लहान्या उलटा पाण्यात गेला.

वाऱ्यानं नाव पुढे ढकलली. मागे त्याचं डोकं वर आलं, सगळं लाल. त्यानं एका खुंटाला मिठी मारली. लाट आली की तो दिसेनासा व्हायचा. ह्यांनी वल्हं मारून पाहिलं, तर नाव नुसती गरगर फिरली. मग मोटरीवर तुटून पडले. दोरी ओढून ओढून तळहाताची साल निघाली, शिव्या, मग बुक्क्या. मोटर ढिम्म.

मला तो सूं आठवला. गरम भरलेली बरणी निवल्यावर उघडली की हवा आत ओढते ना, तसाच. आणि झाकण उघडलं की त्यानंतरच ही चालते. "सरका!" म्हटलं. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा. झाकण पिळून काढलं. सूंऽ.

"ओढा आता."

धडधडली. झाकण मी लावलंच नाही. मुठीत धरलं आणि टाकीवर पदर आडवा धरला, पाणी जाऊ नये म्हणून.

लहान्याजवळ पोचलो. रक्तानं त्याचा एक डोळा मिटलेला. ह्यांनी वल्हं पुढे केलं, धरायला.

"थे फेक आधी," तो म्हणाला.

"अरे धर, बुडशीन!"

"बुडीन. वल्हं फेक."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी वल्हं दूर भिरकावलं, ते वाऱ्यानं नेलं. तेव्हा कुठं लहान्यानं हात दिला.

नावेत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, कपाळावर मी माझ्या डोक्याला बांधलेला दुपट्टा दाबून धरलेला. मूठ उघडून झाकण पाहिलं. मधोमध बारीक भोक होतं, हवा आत जायला; हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. ते शेंदरानं बुजून दगड झालेलं. दसऱ्याला ह्यांनीच मोटरीची पूजा केली होती. तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्यानं तिच्या डोक्यावर, म्हणजे झाकणावर, भरपूर लावला होता. बांगडीत अडकवलेली पिन काढून मी तो टोकरला. झाकण लावलं. मोटर काठापर्यंत बंद पडली नाही. सगळं ह्यांच्या डोळ्यांसमोर झालं.

कपाळाला टाके पडले. जखम भरल्यावर लहान्या बुटीबोरीला गेलाच. सणाला येतो, वावरात जातो. नावेत पाय ठेवण्याआधी एकदा तळाशी नजर टाकतो. नवं वल्हं ह्यांनी आधीच काढून काठावर ठेवलेलं असतं.

"मोटर मधेच बंद पडली तर?" मी एकदा म्हटलं.

"नाई पडत," हे म्हणाले आणि दोरी ओढली.