कूलरचं पाणी आणि आबांचा अळू

आई गेल्यावर आबा अमळनेरचं घर बंद करून जळगावला माझ्याकडे राहायला आले. भावाचं धुळ्याचं घर दोन खोल्यांचं, म्हणून मीच हट्टाने त्यांना आणलं. येताना त्यांनी कपड्यांच्या पिशवीबरोबर एक ओलं पोतं आणलं. त्यात आईने परसात लावलेल्या अळूचे कंद होते.

आमच्या घराच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंडच्या मध्ये, एक अरुंद पट्टी आहे. शेजाऱ्यांच्या जांभळाची सावली दिवसभर तिथे असते. मी ती जागा मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरत होते. आबांनी खुर्च्या हलवल्या, माती खणली, शेणखत घातलं. माझ्या ऑफिसातले एक जण जवळच्या असोदा गावाहून येतात, त्यांच्या मोटारसायकलवर केळीची वाळलेली पानं मागवून आबांनी वाफ्यावर पसरली. वर हिरवी जाळी बांधली. पावसाळ्यात पानं सुपाएवढी झाली. जळगावच्या उन्हात एवढी हिरवीगार पानं बघून येणारेजाणारे थांबायचे, आणि मी माझीच करामत असल्यासारखी मिरवायचे.

आबांचं सगळं लक्ष त्या वाफ्यात असे. सकाळी पानं पुसायची, पिवळं पान काढायचं, मग तिथल्याच दगडावर स्वतःचं धोतर धुवायचं. इतर वेळी ते फारसं बोलत नसत. तिथे मात्र गुणगुणताना ऐकू यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपू लागल्या. आधी तपकिरी, मग कागदासारख्या कुरकुरीत. नवीन पान उलगडायच्या आतच टोकाला जळालेलं असे. मला वाटलं, ऊन. दुहेरी जाळी लावली. दर दोन दिवसांनी कूलरची टाकी रिकामी करून ते पाणी वाफ्यात सोडायचं मी चुकवत नव्हते. नळाला रोज पाणी नाही, कूलर बोअरच्या पाण्यावर चालतो, मग ते वाया का घालवायचं, असा माझा हिशेब.

एका रविवारी मला वाफ्यात आबांच्या धोतराच्या साबणाचा फेस दिसला आणि माझं डोकं फिरलं. मुळातच राग माझ्या नाकावर असतो. "आबा, किती वेळा सांगायचं, साबणाचं पाणी झाडांना चालत नाही. आईची एवढी आठवण, तीसुद्धा तुम्ही जाळायला निघालात." नवरा तिथेच चहा पीत उभा होता. आबांनी साबणाची वडी उचलली. धोतर पिळून घेतलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते धोतर बाथरूममध्ये धुवू लागले. गुडघे दुखत असूनही खाली बसायचे. वाफ्याकडे जाणं बंद. पंख्याखाली बसून राहायचे. मला कळत होतं, पण माफी मागायला जीभ वळेना. आठवड्याने त्यांनी पिशवी भरली. भावाला भेटून येतो म्हणाले. मी एसटीत बसवून दिलं आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

ते गेल्यावरही पानं जळतच राहिली. साबण तर नव्हता. पुढच्या महिन्यात कूलर साफ करायला घेतला तेव्हा गवताच्या जाळ्या पांढऱ्या क्षारांनी कडक झालेल्या दिसल्या. टाकीच्या तळाचं पाणी बोटाने जिभेला लावलं. खारट. बोअरचं पाणी आटत आटत उरलेला सगळा खार मी स्वतःच्या हाताने वाफ्यात ओतत होते. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले.

आठ दिवस नळाचं साठवलेलं गोडं पाणी भरपूर सोडलं. एक स्वच्छ पान आलं. मग मी धुळ्याला गेले. आबा दारातल्या खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणाले.

"माले मालूम व्हतं," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "कूलरनं पाणी खारं शे."

"मग बोलला का नाहीत?"

"आंडेरना, लेकीना घर शे ते, माय. पोऱ्याना घरमा बोलतू. तठे मी काय बोलू? जवाई समोर व्हतात."

मी म्हटलं, चला, आजच परत चला, तुमची खोली तशीच आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या मनात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"येसू ना," ते म्हणाले. "दिवाळीले येसू. दोन दिन ऱ्हासू."