सहावी कळ

यवतमाळहून डिप्लोमा करून पुण्यात आले तेव्हा मला कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढणं, येतं अशी माझी पक्की समजूत होती. कर्वेनगरमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं छोटं डिझाइन ऑफिस होतं. तिथे मला घेतलं तेही माझा माउसवरचा हात बघून. मॉडेल भराभर उभं करायचे, मग त्याचं ड्रॉइंग काढायचं, दोन कडांवर क्लिक केलं की मधलं माप आपोआप उमटायचं. मी मापं टाकत सुटायचे. जागा दिसली की माप.

ड्रॉइंग तपासायला आमच्याकडे एक सर होते. एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेले, पेठेत वाढलेले, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. माझा पहिला कागद त्यांनी बराच वेळ भिंगाखाली धरला.

"अहो, हे ड्रॉइंग आहे की पंचांग? काय शोधाल ते सापडतंय."

मी हसले. ते कौतुक नव्हतं, हे कळायला थोडा वेळ गेला.

"एक माप एकदाच सांगायचं," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं की वाचणारा विचारतो, यातलं खरं कुठलं?"

मी जास्तीची मापं पुसली. धडा संपला असं मला वाटलं.

मग ते ब्रेलचं काम आलं. कसबा पेठेत अंध मुलांसाठी पुस्तकं छापणारी एक लहानशी संस्था होती. नवी, संगणकावर चालणारी यंत्रं त्यांच्याकडे होतीच, पण एक जुनं, हातापायाने चालवायचं यंत्रही रोज वापरात होतं. त्याला सहा कळा. ब्रेलच्या प्रत्येक अक्षराला सहा ठिपक्यांची जागा असते, म्हणून सहा. कळा दाबून पायाने पेडल हाणलं की जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठायचे. प्रत्येक कळेखालची सळई एका लोखंडी पट्टीतल्या भोकातून खाली जायची, आणि ती पट्टी तडकून तिचे दोन तुकडे झाले होते. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. आम्ही पट्टी मोजून ड्रॉइंग करून द्यायचं ठरलं.

यंत्र चालवणारे काका जन्मापासून अंध होते आणि निवृत्तीला आले होते. त्यांनी ते तुकडे रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिले. "घाई नाही," म्हणाले.

घाई मलाच होती. सर आठवडाभर मुलीकडे नाशिकला गेले होते, आणि ते यायच्या आत मला काम संपवून दाखवायचं होतं. टेबलावर तुकडे जुळवून व्हर्नियरने मोजले. पहिल्या भोकापासून दुसरं किती, दुसऱ्यापासून तिसरं किती, असं सहाव्यापर्यंत. लोखंड कापताना माप तंतोतंत येत नाही, म्हणून ड्रॉइंगवर थोडी सूट लिहितात. मी प्रत्येक अंतराला दोन दशांश मिलिमीटर सूट लिहिली आणि कागद न तपासता थेट वर्कशॉपला नेऊन दिला. वर्कशॉपही कसब्यातच, संस्थेपासून दोन गल्ल्या पलीकडे. मालक स्वतःच लोखंड कापायच्या मिलिंग मशीनवर उभे राहायचे.

तीन दिवसांनी पट्टी झाली. चकचकीत होती. मी ती घेऊन चालतच संस्थेत गेले.

काकांनी ती मांडीवर घेतली. शेजारी जुने तुकडे जुळवून ठेवले. मग दोन्ही हातांची बोटं दोन्ही पट्ट्यांवरून एकदम सरकवली, अगदी सावकाश, एकेका भोकाच्या कडेवर थांबत.

"पहिलं बरोबर आहे," ते म्हणाले. "तिसऱ्यापासून सरकायला लागलंय. सहावं बाहेर गेलंय. कळ अडकणार."

मी व्हर्नियर काढला. पहिल्यापासून सहाव्यापर्यंतचं अंतर मोजलं. पाऊण मिलिमीटर जास्त! पुन्हा मोजलं, तेवढंच. माझ्या हातातल्या यंत्राने जे आता सांगितलं, ते या माणसाच्या बोटांनी आधीच सांगून टाकलं होतं. 

तरी पट्टी बसवून बघितली. पाच कळा खाली गेल्या, सहावी अर्ध्यावर अडकून राहिली.

मी तडक वर्कशॉपमध्ये गेले. आवाज चढवूनच बोलले असेन. मालकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, माझंच ड्रॉइंग समोर ठेवलं आणि एकेक अंतर मला मोजून दाखवलं. प्रत्येक अंतर दीड दशांशाने जास्त होतं. म्हणजे मी लिहिलेल्या सुटीच्या आतच.

"मॅडम, यातलं कुठलं चुकलंय ते दाखवा."

एकही चुकलेलं नव्हतं. पाच बरोबर अंतरांची बेरीज मात्र चुकली होती, आणि ती बेरीज माझी होती. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "होतं असं," आणि पुन्हा मशीनकडे वळले.

सर परत आले तेव्हा मी सगळं सांगितलं. तिरकस काही ऐकायची तयारी ठेवली होती. ते कागद बघत राहिले.

"तुम्ही भोकांमधली अंतरं लिहिलीत," शेवटी म्हणाले. "भोकांच्या जागा नाही लिहिल्या. जागा म्हटली की कुठूनतरी मोजावी लागते. ही पट्टी यंत्रात टेकते कुठे?"

मला माहीत नव्हतं. मी फक्त तुकडे पाहिले होते.

"मग जा आणि त्यांना विचारा."

मी परत काकांकडे गेले. पट्टीची बैठक यंत्राच्या पोटात होती. तिथे टॉर्चचा उजेडही नीट जाईना, सळया आड येत होत्या. मी वाकून वाकून बघत होते. काका म्हणाले, "बघू नका, हात घाला."

त्यांनी माझा हात धरून आत नेला. तेल, थंड लोखंड, मग डावीकडे एक उभी भिंत लागली, काचेसारखी गुळगुळीत. बाकी सगळं ओबडधोबड ओतीव होतं, तेवढीच जागा कुणीतरी मुद्दाम घासून सपाट केली होती.

"पट्टी आधी इथे टेकते," काका म्हणाले. "मग स्क्रू आवळायचे. ही भिंत हलत नाही. बाकी सगळं हिच्यापासून."

ज्या माणसाने ते यंत्र घडवलं तो कोण, कुठल्या देशातला, मला कधीच कळणार नव्हतं. पण त्याने मापं कुठून धरली ते माझ्या बोटांखाली होतं. आणि काकांना ते कुणी शिकवलं नव्हतं. रोज हात लावून लावून त्यांना ते समजलं होतं. मी त्या भिंतीवरून बोट पुन्हा एकदा फिरवलं.

नव्या ड्रॉइंगमध्ये मी सहाही भोकांची मापं त्या भिंतीला टेकणाऱ्या डाव्या टोकापासून दिली. प्रत्येकाचं स्वतंत्र. आता एकाची चूक दुसऱ्याच्या खात्यात जाणार नव्हती. ते टोक सपाट आणि काटकोनात हवं, हेही लिहिलं. एकही माप दोनदा नव्हतं. सरांनी भिंग फिरवलं, खिशातून पेन काढलं आणि सही केली. एवढंच.

दुसरी पट्टी घेऊन गेले तेव्हा काकांनी आधी तिच्यावरून बोटं फिरवली. मग स्वतःच बसवायला घेतली. स्क्रू आवळले, जस्ताचा पत्रा लावला, सहाही कळा एकदम दाबल्या आणि पेडल हाणलं. खाडकन आवाज झाला. सहाही कळा वर आल्या.

पत्रा काढून त्यांनी बोट टेकवलं आणि चेहरा खुलला. "सहाही," म्हणाले. मग तो माझ्यापुढे धरला. मी बोट ठेवलं. मला नुसता खरखरीतपणा लागला. ठिपके किती, कुठे, काहीच उमगेना.

"अहो, मला तर एकच वाटतोय," मी म्हणाले.

काका मोठ्याने हसले. "शनिवारी येत जा. शिकवतो."

तेव्हापासून जाते आहे. डोळे मिटले की अजून ओळ सुटते, पण परवा एक अख्खं वाक्य वाचलं. पुस्तक पहिलीचं होतं.