फाइलीत असूनही न सापडणारा आलेख

अड्यारच्या भौतिकशास्त्र संस्थेत मी नवी होते. कण टिपणाऱ्या डिटेक्टरची सगळी मोजमापं एकाच अगडबंब फाइलीत भरलेली. तिच्यात कप्पे, कप्प्यांत आणखी कप्पे, आणि अशाच कुठल्यातरी आतल्या कप्प्यात मला हवा असलेला आलेख. दुपारी तीनला तो माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवायचा होता. नाही जमलं तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं ते शांतपणे म्हणाले होते. त्या शांतपणाचीच मला धास्ती होती.

माउसने कप्पे उघडत गेलं की आलेख समोर दिसायचा. प्रोग्रॅममधून मागितला की उत्तर यायचं, 'असं काही इथे नाहीच.' अरे, आत्ता तर बघितला!

शेजारच्या टेबलावर आमच्या सीनियर बसत. शहरातल्याच वेस्ट मांबलमच्या, तंजावरी मराठी घरातल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालायचं.

"नुसतं नाव घेऊन कसं मिळेल गे? बाहेरच्या कप्प्यापासून अस्की वाट सांग की."

अस्की म्हणजे सगळी. मग मी आलेखाच्या नावाआधी सगळ्या कप्प्यांची नावं ओळीनं लिहिली. आलेख आला, क्षणभर दिसला, आणि पडद्यावरची खिडकी कोरी झाली. पुन्हा चालवलं, पुन्हा कोरी. आता मला रडू यायला लागलं, आणि त्या यंत्राचा रागही.

अक्कांनी माझ्या प्रोग्रॅमची शेवटची ओळ वाचली. काम झालं की वस्तू मिटून ठेवायची, या घरच्या शिस्तीनं मी तिथे फाइल बंद केली होती.

"बंद कशाला करतेस? आलेख फाइलीचा. ती गेली की तोही जातो."

"मग मघाशी क्षणभर दिसलं ते काय होतं?"

"सरी, असू दे, ते मग पाहू. आधी ती ओळ काढ."

ओळ काढली. मला काहीही कळलं नव्हतं, पण आलेख टिकला.

तीनला तो पडद्यावर होता. मधोमध एक उंचवटा. सरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा कशामुळे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

अख्खी सकाळ त्या आलेखामागे धावले होते, पण तो नीट बघायचं राहूनच गेलं होतं.

"माहीत नाही, सर."

"मलाही नाही," ते म्हणाले. "शोधून काढ. काम तुझं."

मी मान हलवली. आनंद तर झाला होता, आणि सुरुवात कुठून करायची ते सुचत नव्हतं.