टीबी नव्हता, साकळलेला कफ होता

"तुम्हाला टीबी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक कधी नव्हताच."

पेणच्या हॉस्पिटलात मी कॉटवर पडले होते. थोड्या वेळापूर्वी नाकातून बारीक दुर्बीण घालून माझ्या श्वासनळ्या तपासल्या होत्या. या तपासणीला ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात. घसा बधिर होता, बोलता येत नव्हतं. माझे यजमान उशाशी उभे होते. तेच म्हणाले, "नाय कसा? चार महिने गोळ्या खातेय ती."

बाईंनी एक छोटी बाटली पुढे केली. आत तपकिरी, चिवट असं काहीतरी होतं, आल्याच्या तुकड्यासारखे फाटे फुटलेलं.

"हा यांचा कफ. नळीत बसून बसून नळीच्याच आकाराचा झालाय. एक्स-रेवर जो डाग दिसत होता ना, तो हा."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात फक्त मानसी आली. माझी चार वर्षांची मुलगी. तिला मी चार महिने जवळ घेतलं नव्हतं.

मला दमा लहानपणापासून. माहेर निडी गावचं, भातशेतीचं. मळणीच्या दिवसांत माझी छाती हमखास भरायची. पुढे तोंडाने औषध ओढायचा पंप मिळाला आणि मी इतर मुलींसारखी झाले. लग्न होऊन रोह्याला आले. यजमान कंपनीत शिफ्टला, मी घरी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची. दमा आहे हे मी विसरूनच गेले होते.

त्या पावसाळ्यात मात्र खोकला बसला तो हटेना. पंप घेतला की पूर्वी छाती मोकळी व्हायची, आता नुसती धडधड व्हायची. अंगात बारीक ताप. ब्लाउज सैल होऊ लागले. सकाळी खोकून खोकून कधीतरी तपकिरी, रबरासारखा तुकडा पडायचा. त्याची मला किळस यायची. मी तो मोरीत पाणी ओतून घालवायची आणि कुणाला सांगायची नाही.

रोह्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजव्या बाजूला डाग होता. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण कधी कधी जंतू न सापडताही टीबी असतो, असं ते म्हणाले आणि गोळ्या सुरू केल्या. त्यांना मी दोष देत नाही. खोकला, ताप, उतरलेलं वजन आणि तो डाग. दुसऱ्या कुणाला काय वाटलं असतं?

त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. ते बघून मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

मानसीला मी माझ्या बहिणीकडे, पेणला रामवाडीत ठेवलं. सासूबाई समजावत होत्या. "पोरीला कशाला धाडतेस गो? डॉक्टर बोलले ना, गोळ्या चालू झाल्या की काय दिवसांनी भीती नाय." पण माझं मन ऐकेना. रविवारी मी पेणला जायची, ताईच्या ओटीवर तोंडाला ओढणी बांधून बसायची. मानसी दारातून धावत आली की हात पुढे करून थांबवायची. "तिथूनच बोल, बाळा." पहिल्या रविवारी ती रडली. पुढे पुढे ती स्वतःच उंबऱ्यापाशी थांबायला शिकली. ते मला जास्त लागायचं.

गोळ्या खाऊनही खोकला वाढतच होता. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ताईच्या ओटीवरच माझा श्वास अडकला. पंपावर पंप घेतले, काही उपयोग नाही. ताईने रिक्षा बोलावली आणि मला छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

ऑक्सिजन लावून जरा सावरल्यावर बाईंनी सगळे जुने कागद पाहिले. मग त्यांनी विचारलं, "कफातून कधी तपकिरी तुकडे पडतात?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं आणि मी लाजेने सांगितलं नव्हतं. मी मानेनेच हो म्हटलं. माझी ही हकिकत वाचणाऱ्या दमेकऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: कफ कसा पडतो, त्याचा रंग काय, हे डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग रक्ताची तपासणी झाली. आयजीई, म्हणजे अंगात अ‍ॅलर्जी किती आहे ते सांगणारा घटक, खूप वाढलेला निघाला. सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट येईपर्यंत ताई डब्यातून पेज आणायची आणि बाकावर माझ्याशेजारी बसून राहायची. मग ती दुर्बिणीची तपासणी झाली आणि बाटलीतला कफ माझ्यासमोर आला.

आजाराचं नाव लांबलचक आहे. डॉक्टर त्याला एबीपीए म्हणतात. बाईंनी मला समजेल असं सांगितलं. प्रत्येकाच्या श्वासनळीत कफाचा पातळ थर असतो. तो धूळ पकडतो आणि हळूहळू वर ढकलतो. दम्यात तो जास्त होतो, घट्ट होतो, जागेवर साकळतो. हवेतल्या एका बुरशीला त्या कफात राहायला जागा मिळते, आणि शरीर तिच्यावर इतकं चिडतं की आणखी कफ तयार होतो. पंपाने नळीचे आवळलेले स्नायू सैल होतात, पण मध्ये बूच बसलं असेल तर हवा जाणार कुठून?

"बुरशी आली कुठून? गोधड्यांच्या दमट कपड्यांतून?" मी विचारलं.

"सांगता यायचं नाही. ती सगळीकडेच असते," त्या म्हणाल्या. "पण जुने कपडे आता नका हाताळू."

टीबीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. स्टिरॉइड आणि बुरशीचं औषध सुरू झालं. ताप गेला, वजन भरलं. पण सगळं पहिल्यासारखं झालं नाही. उजव्या फुफ्फुसातल्या काही नळ्या कायमच्या फुगल्या आहेत. त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. तिथे कफ साठत राहणार आणि तो रोज काढावा लागणार. आजारही उलटू शकतो. आजही श्वास जरा जड वाटला की मी आधी कफाचा रंग बघते.

मानसी घरी आली. पण मी खोकले की ती खेळ टाकून बाहेर पडवीत जाऊन उभी राहायची. तिला कितीदा सांगितलं, आता भीती नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच करायची.

कफ सुटावा म्हणून मी उशीवर कुशीला झोपते आणि यजमान हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारतात. एका संध्याकाळी ते शिफ्टला होते, सासूबाईंचं मनगट दुखत होतं. मी एकटीच उशी घेऊन आडवी झाले आणि खोकला आला. मानसी उठून पडवीत गेली. थोड्या वेळाने दारातून आवाज आला.

"आई, मी मारू?"

माझ्या ओठांवर 'तिथूनच बोल' आलंच होतं. मी ते गिळलं. "ये," म्हणाले.

ती माझ्या पाठीमागे येऊन बसली. तिच्या हातांना ना जोर होता, ना ओंजळ जमत होती. कफ काही हलला नाही. तिने दोनदा विचारलं, "बरं वाटतंय का?" मी हो म्हणाले आणि तिचे हात दमेपर्यंत तशीच पडून राहिले.